साइड-बाय-साइडला ट्रेलवर जॅक कसा लावायचा? (बोटं शाबूत ठेवून)

फिनिक्सकर
मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. आम्ही इकडे ॲरिझोनात असतो, एका मित्राकडून त्याची जुनी पोलारिस आरझेडआर एक्सपी १००० घेतलीये. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, साइड-बाय-साइड म्हणजे शेजारी शेजारी दोन सीट, स्टिअरिंग, सीटबेल्ट, वरून पाइपांचा पिंजरा आणि प्रचंड सस्पेन्शन, एटीव्हीसारखं टांग टाकून हँडल धरून बसायचं नाही. मार्चमध्ये तीन गाड्या मिळून युटामधल्या मोआबला जायचं ठरतंय, हेल्स रिव्हेंज आणि फिन्स अँड थिंग्ज हे दोन ट्रेल (खडकाळ कच्चे रस्ते) नक्की, बाकी तिथे गेल्यावर बघू.

तर गाडीबरोबर ना जॅक आला ना स्टेपनी. स्टेपनी घेतली. जॅक म्हणून घरच्या कारमधला सिझर जॅक काढून गॅरेजमध्ये ट्राय केला, फ्रेमखाली लावला, टॉमी फिरवून फिरवून हात दुखले, जॅक पूर्ण उघडला, गाडी मस्त वर आली आणि चाक मात्र जमिनीलाच चिकटलेलं. खाली ठोकळे रचून अजून वर घेऊ म्हटलं तर बायको म्हणाली आधी इन्शुरन्सचे कागद कुठे ठेवलेत ते सांग.

आता प्रश्न, हाय-लिफ्ट (उंच उभ्या दांडीवर दांडा मारत पायरी पायरीने चढणारा जॅक) घ्यावा का? की अजून काही मिळतं?

जिप्सीवाला
डोळे झाकून हाय-लिफ्ट घे, ४८ इंची. आमच्या जिप्सीला पुढे-मागे लोखंडी बंपर आहे, त्याला अडकवला की गाडी पाहिजे तेवढी वर. रुतली तरी त्यानेच उचलायची आणि चाकाखाली दगड भरायचे. एकच जॅक, सगळी कामं. वजन १३ किलोच्या आसपास असतं तेवढं सहन कर.

रानडुक्कर
तीन गाड्या म्हणजे पाच-सहा माणसं तरी असतीलच की. जॅक कशाला, धरा आणि उचला. गावाकडे बैलगाडी अशीच उचलतात. (दिवा घ्या, म्हणजे हलके घ्या)

कॅन्यनकाका
फिनिक्सकर, जॅक बदलू नका, जागा बदला. तुमच्या जॅकचा काही दोष नाही.

हिशोब बघा. एक्सपी १००० ला पुढे १६ आणि मागे १८ इंच व्हील ट्रॅव्हल, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होऊ शकतं. गाडी चार चाकांवर उभी असते तेव्हा वजनाने स्प्रिंग दबलेली असते. फ्रेम उचलायला लागलात की स्प्रिंग मोकळी होत जाते आणि चाक खाली लोंबत जातं, सात-आठ इंच तर सहज. गाडीचं पोट जमिनीपासून साडेतेरा इंचावर, त्यात आठ मिळवा, म्हणजे फ्रेम साडेएकवीस इंचांवर नेल्याशिवाय टायर जमीन सोडणार नाही. कारचा सिझर जॅक पूर्ण उघडून पंधरा-सोळा इंच. म्हणून लोक खाली ठोकळे रचतात, त्यावर अजून एक रचतात, आणि शेवटी गाडी अशा उंचीवर जाऊन बसते की कोणी नट खोलायला पान्यावर जोर दिला तरी डुलते. आणि हे गॅरेजच्या सपाट फरशीवर नाही, तिरक्या खडकावर. वहिनींनी विचारलं ते बरोबरच विचारलं.

नुसता टायर काढायचा असेल तर फ्रेमला हातच लावायचा नाही. आर्मखाली, म्हणजे चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याखाली, जॅक लावायचा. पुढे खालचा ए-आर्म, बॉल जॉइंटच्या (आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या सांध्याच्या) जितकं जवळ जाता येईल तितकं. मागे ट्रेलिंग आर्म (चाकापासून पुढे फ्रेमकडे जाणारा), हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याच्या, जवळचा जाड भाग. तिथून उचललं की स्प्रिंग दबलेली ती दबलेलीच राहते, भार फक्त टायरवरून जॅकवर येतो, दोन-तीन इंचांत चाक मोकळं आणि बॉडी जवळपास होती तिथेच. एवढ्यासाठी तुमचा सिझर जॅक पुरून उरतो, फक्त त्याच्या डोक्यावर आर्म नीट बसेल असा खाचेचा लाकडी तुकडा किंवा यू आकाराची पट्टी करून घ्या, कारण ते डोकं कारच्या पत्र्याच्या कडेसाठी बनवलेलं असतं, गोल पाइपसाठी नाही.

मागे हबपासून आत गाडीच्या मध्याकडे जाणारे लांब रॉड दिसतील, ते रेडियस रॉड. त्यांना चुकूनही जॅक लावू नका. ओढ आणि दाब यासाठी आहेत ते, मधोमध खालून भार आला की वाकतात, आणि रॉड वाकला की चाकाचं तोंड फिरतं. ट्रेलिंग आर्मवरून ब्रेकची लाइन जाते, जॅक लावायच्या आधी ती बोटांनी चाचपून घ्या, चिखलात दिसत नाही.

कधी कधी आर्मखाली जागाच नसते, दगड आडवा येतो. मग फ्रेमनेच उचलावी लागते. तेव्हा गाडी चाकांवर असतानाच हबजवळचा आर्म वरच्या केजला (पाइपांच्या पिंजऱ्याला) रॅचेट स्ट्रॅपने, म्हणजे खटक्याने आवळायच्या पट्ट्याने, आवळून बांधायचा. आता फ्रेम जेवढी वर तेवढंच चाक वर, लोंबायला वावच नाही. स्ट्रॅप एक्झॉस्टपासून लांब ठेवा, लगेच वितळतो. आणि गाडी पूर्ण खाली टेकल्याशिवाय स्ट्रॅप सोडायचा नाही.

फिनिक्सकर
काका __/\__ हे आर्मचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच बघतो.
एक उपप्रश्न. हिला हँडब्रेक नाही, फक्त गिअर लिव्हरला पार्क आहे. पार्कमध्ये टाकून उचलली तर बास ना?

मृण्मयी_टॉर्क
बास नाही. पार्क नेमकं काय धरून ठेवतं ते आधी बघा. ते गिअरबॉक्स लॉक करतं, चाकं नाही. तुमच्या गाडीला मागे डिफरेन्शियल नाहीये, दोन्ही मागची चाकं कायम एकत्र फिरतात, त्यामुळे मागचं एक चाक हवेत गेलं तरी दुसरं गाडी धरून असतं. इथपर्यंत ठीक.

आता समजा मागचा डावा ॲक्सल तुटलाय. साइड-बाय-साइडमध्ये हे काही दुर्मीळ नाही. डावं चाक गिअरबॉक्सपासून सुटलं, म्हणजे ते मोकळं फिरतंय. गाडी फक्त उजव्या मागच्या चाकावर थांबलेली आहे. तुम्ही जागा हवी म्हणून मागचा भाग मधून हिचला (मागे ओढायचं जोडतात त्या जागेला) जॅक लावून वर घेतला, उजवं चाकही उचललं गेलं, आणि त्या क्षणी पार्क असून नसल्यासारखं. पुढची चाकं उताराकडे निघाली आणि तुम्ही खाली डोकं घालून ॲक्सलचा क्लिप शोधताय.

तेव्हा दगड लावायचेच. जे चाक उचलणार त्याच्या कर्णात समोर असलेल्या चाकाला पुढून आणि मागून दोन्ही बाजूंनी, नुसते टेकवलेले नाही तर लाथ मारून घट्ट बसवलेले. उतार असेल तर वरच्या बाजूला दुसरी गाडी उभी करून स्ट्रॅपने बांधून टाका. तीन गाड्या जाताय ना, मग त्या गाड्यांचा उपयोग करा. रानडुक्कर म्हणतात तसा माणसांचा नको.

रानडुक्कर
ताई मी दिवा दिला होता :D
पण खरंच विचारतो, एका कोपऱ्याचं वजन कितीसं असणार, चार जण उचलू नाही शकणार?

मृण्मयी_टॉर्क
कोपरा १५०-२०० किलोच्या घरात धरा, सामान आणि पेट्रोल धरून जास्तच. उचलाल की. पण काकांनी सांगितलं ते तुम्हालाही लागू आहे, केज धरून उचलली की चाक लोंबतंच, म्हणजे चौघांनी गुडघ्याऐवजी कमरेपर्यंत उचलून धरायची आणि पाचव्याने खाली ठोकळा सारायचा. पाचव्याचा हात कुठे आहे तेव्हा? आणि एकाचा पाय वाळूवरून सरकला की बाकीचे तिघं आपसूक सोडतात.

बंडू_गॅरेजवाला
काकांना अनुमोदन. आमच्याकडं कोल्हापूरला असली गाडी येत नाही पण जॅक तो जॅकच, म्हणून चार गोष्टी सांगतो.

बॉटल जॅक घेऊ नका असं नाही, पण दोन टनी बॉटल जॅक बंद असतानाच सात इंच उंच असतोय. टायरमध्ये हवा असली तर आर्मखाली बसंल. पंक्चर झाला की टायर बसतो, आर्म जमिनीला टेकायला येतो, आणि मग जॅक हातात घेऊन बघत बसायचं, आत जाईना. म्हणून पंक्चरला सिझरच भारी, चार इंचात सरकतोय. दोन टन का तीन टन ह्याच्यात पडू नका, तुमच्या गाडीला दोन टन म्हंजे डोक्यावरनं पाणी, बंद उंची किती आणि उघडून किती एवढंच बघून घ्या. बॉटल जॅक आडवा करून वापरला की बऱ्याच वेळा पंप हवा ओढतो आणि मग हापसत बसा.

नट गाडी खाली असतानाच अर्धा आटा सैल करून ठेवायचे. वर घेतल्यावर पान्यावर उड्या मारायच्या नाहीत, हे आमच्या पोराला दर आठवड्याला सांगावं लागतंय.

आणि जॅकवर गाडी सोडून खाली जायचं नाही म्हंजे नाही. हायड्रॉलिकची सील कधी दगा देईल सांगता येत नाही. स्टँड नसला तर काढलेलं चाक (किंवा स्टेपनी) आडवं करून फ्रेमखाली सरकवायचं, गाडी पडली तर चाकावर पडंल, माणसावर नाही. ह्याला खर्च शून्य.

लाल_चिखल
सगळे जॅकच्या डोक्याबद्दल बोलतायत, मी बुडाबद्दल बोलतो. आमच्या गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं, तिथे जुलैच्या चिखलात जॅकचं काय होतं ते बघायला मिळतं. दांडा मारत राहायचा आणि गाडीऐवजी जॅक खाली जातोय. गाडी वर न जाता जॅक सरळ राहिला तर नशीब, बहुतेक वेळा एका बाजूने रुततो आणि कलतो. फळी हवीच. आणि चिरा मिळाला म्हणून खाली टाकू नका, भिजलेला चिरा भाराखाली कधी फुटेल नेम नाही.

मोआबला चिखल नसणार पण वाळू असेल ना?

मृण्मयी_टॉर्क
वाळूचा आकडाच देते. जॅकचं बूड १० बाय १० सेंटीमीटर, म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर. त्यावर २०० किलो आले की दर चौरस सेंटीमीटरला २ किलो, सैल वाळू एवढं नाही पेलत. तोच जॅक ३० बाय ३० च्या प्लायवर ठेवा, ९०० चौरस सेंटीमीटर, दाब एक नवमांश. प्लाय मात्र जाड हवा, पाऊण इंची दोन तुकडे चिकटवून स्क्रू मारलेले, पातळ फळी मधोमध वाकते आणि मग कडांचा काही उपयोग होत नाही.

कॅन्यनकाका
+१. मोआबचं वेगळंच दुखणं आहे. तिथला स्लिकरॉक म्हणजे वाळूचा दगड, रबराचा टायर त्याला गोंदासारखा धरतो, त्यामुळे गाडी अशा चढावर उभी राहते की चालत जायला भीती वाटावी. आणि त्याच दगडावर लोखंडी बुडाचा जॅक ठेवला की खाली वाळूचे सुटे कण असतात, त्यावरून तो हळूच घसरतो. म्हणून आधी हाताने जागा झाडायची, मग जुनं रबरी फूटमॅट, मग प्लाय, मग जॅक.

अगदी तशीच गंमत वरच्या बाजूला. या गाड्यांच्या पोटाला बरेच जण जाड प्लास्टिकची स्किड प्लेट लावतात, दगडावरून सरकावं म्हणूनच ती लावलेली असते, आणि तिथेच जॅकचं लोखंडी डोकं लावायला जातात. सरकणारच ना! मध्ये रबराचा तुकडा घाला, कन्व्हेयर बेल्टचा मिळाला तर उत्तम.

पण सगळ्यात आधी, तिरक्या जागी उचलूच नका. टायर गेला तरी हळूहळू सपाट जागेपर्यंत चालवत न्या, रिमला दोन चरे पडतील, पडू देत.

जिप्सीवाला
आता मला कळलं आमचा आणि तुमचा फरक कुठे आहे. जिप्सीला पुढे-मागे रिजिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारी एकच सलग नळी) आणि पाट्यांच्या स्प्रिंग, आम्ही ॲक्सलच्या नळीखालीच जॅक लावतो म्हणून लोंबण्याचा प्रश्नच आला नाही कधी. पण हाय-लिफ्टला एकदम बाद करू नका राव.

मृण्मयी_टॉर्क
बाद नाही, पण या गाडीवर अवघड आहे. हाय-लिफ्ट म्हणजे एका पायावर उभा बगळा, बाजूचा धक्का त्याला अजिबात सहन होत नाही. तुमच्या बंपरला सपाट लोखंड आहे, इथे त्याला धरायला मिळतो तो गोल पाइप, त्यावरून जीभ फिरते. शिवाय दोन गोष्टी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. हातातला दांडा सोडताना तो जॅकच्या उभ्या दांडीला चिकटलेला असायला हवा, मधेच आडवा सोडला आणि आतल्या पिनेत वाळू अडकून ती नीट बसली नाही की दांडा उसळतो, आणि हनुवटी नेमकी त्याच रेषेत असते. दुसरं, उतरवताना त्याच्यावर साधारण ७० किलो तरी भार लागतो, तेवढा असेल तरच तो पायरी पायरीने उतरतो. हलक्या गाडीचं चाक जमिनीला टेकलं, भार कमी झाला, की पूर्ण यंत्रणा सर्रकन खाली. तिथे बोट ठेवू नका.

फिनिक्सकर
हाय-लिफ्ट रद्द. बायकोला सांगितलं, ती म्हणाली मग त्या पैशांत काय येतंय 😬

आज ट्रेलिंग आर्मखाली लावून बघितला, खरंच थोडेच आटे फिरवले आणि चाक फिरायला लागलं. स्ट्रॅपचा पण प्रयोग केला, तो जास्त आवडला.

आता पुढचा प्रश्न. टायर सोडून दुसरं काही तुटलं तर? म्हणजे ॲक्सल, बॉल जॉइंट वगैरे? तेव्हा आर्मखाली लावून कसं चालेल, तोच तर खोलायचाय.

कॅन्यनकाका
बरोबर, तेव्हा फ्रेमच उचलायची आणि चाक लोंबू द्यायचं, स्ट्रॅप नाही लावायचा. ॲक्सल बाहेर काढायला तर चाक खाली गेलेलंच बरं. फ्रेमखाली जॅक, शेजारी फ्रेमखाली काढलेलं चाक, कर्णातल्या चाकाला दगड, आणि शक्यतो दुसरी गाडी बांधलेली.

इथे एक गोष्ट जपा. शॉकचा बोल्ट काढायची वेळ आली तर आर्मखाली जॅक ठेवून काढू नका. आर्म वर दाबलेला असतो, स्प्रिंग दबलेली असते, बोल्ट सुटताक्षणी त्या जोराला कुठेतरी जायचं असतं. आधी फ्रेम ठोकळ्यांवर टेकवून आर्म पूर्ण लोंबू द्या, हाताने बोल्ट हलतोय का बघा, हलला तरच काढा. नुसता पान्याने नाही तर हातोड्याने निघतोय म्हणजे अजून भार आहे त्याच्यावर.

ठोकळा सारताना हाताने नाही, काठीने किंवा पायाच्या टाचेने. टायरखाली, आर्मखाली, कुठेच मनगट जाता कामा नये. बघायला वाकायचं असेल तर ज्या बाजूला गाडी कलेल त्याच्या उलट बाजूने.

जॅकची उंची कमी पडली आणि काहीच रचायला नसेल तर उलटा विचार करा. गाडी जेवढी वर जातेय तेवढी न्या, फ्रेम टेकवून भक्कम करा, आणि चाकाखालची जमीन खणा. वाळूत हे फार सोपं आहे, छोटं फोल्डिंग फावडं पुरतं. कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या वाळूत जॅकच्या नादाला न लागता फावडं काढणारे बरेच दिसतात. फक्त फ्रेमचा टेकू खड्ड्यापासून लांब असू द्या, नाहीतर कडा ढासळून टेकूच खड्ड्यात.

बंडू_गॅरेजवाला
एक राहिलं. उचलायची गरज हाय का ते आधी बघा. चालताना टायरला खिळा किंवा काटा घुसला तर गाडी थोडी पुढं घ्या, भोक वर आणा, रीमर मारा, प्लग घाला, हवा भरा. चाक जाग्यावर. निम्मी पंक्चरं अशीच निघतात, पंक्चरचं किट आणि छोटा कंप्रेसर जॅकच्या आधी घ्या. साइडवॉल (टायरची बाजू) फाटली तरच जॅक.

कॅन्यनकाका
बंडूभाऊंशी सहमत. सीव्हीटीचा (या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचा) बेल्ट तुटला तरी जॅक लागत नाही, कव्हर बाजूनेच निघतं, थंड होऊ द्या तेवढं.

टायर रिमवरून उतरला असेल तर मात्र त्या चाकावरचा भार काढावा लागतो. मग टायरच्या नक्षीवरून गोल स्ट्रॅप आवळायचा, कडा रिमकडे ढकलल्या जातात, कंप्रेसर लावला की टप्पकन बसतो. बसताना बोटं आत नकोत.

लाल_चिखल
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).
रच्याकने (बाय द वे), इथे कोणाची जिम्नी असेल तर तिलाही दोन्हीकडे रिजिड ॲक्सल आहे, जिप्सीवाल्यांचंच शास्त्र लागू. नव्या थारला मागे रिजिड आणि पुढे इंडिपेंडंट, तिथे पुढच्या चाकाला हा धागा उपयोगी पडेल.

फिनिक्सकर
सगळ्यांना धन्स. डिकीत आता सिझर जॅक (डोक्यावर खाचेचा लाकडी तुकडा बसवून), चिकटवलेलं प्लाय, फूटमॅट, दोन रॅचेट स्ट्रॅप, फावडं, प्लग किट. रबराचे गुटके चाकासाठी वेगळे घेतले, तिथे योग्य आकाराचा दगड मिळेलच याची खात्री नाही आणि तिथले दगड म्हणे ठिसूळ असतात.

सगळ्या गाड्यांत मिळून एकच स्टेपनी नेऊ असं ठरतंय, वजन वाचेल. दुसरी गाडी कॅन-ॲम मॅव्हरिक एक्स३ आहे आणि तिसरी आमच्यासारखीच आरझेडआर. चालेल ना?

कॅन्यनकाका
नाही चालणार. आरझेडआरला ४ बाय १५६ चं बोल्ट पॅटर्न (चार बोल्ट, १५६ मिमीच्या वर्तुळावर), कॅन-ॲमला ४ बाय १३७. नट कितीही फिरवलेत तरी ते चाक तिथे बसणार नाही. तुम्हा दोघांत एक चालेल, पण तुमच्या टायरचा व्यास सारखा आहे का ते बघून घ्या, मागे डिफरेन्शियल नाही त्यामुळे एक २९ आणि एक ३२ इंची लावून फार लांब जाता येत नाही. कॅन-ॲमवाल्याला त्याची त्याची आणायला सांगा.

फिनिक्सकर
त्याला आत्ताच मेसेज टाकला. तो म्हणतोय जॅक पण आणू का, की तुझाच वापरू.

बंडू_गॅरेजवाला
आणू दे की. एक फ्रेमखाली, एक आर्मखाली, काम निम्म्या वेळात.